खलाशाला काही विचारायचं नाही

"त्याला काही विचारायचं नाही," आत्याने सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं. "जेवलास का, गाडीला गर्दी होती का, काहीसुद्धा नाही. तू आपला गाडी चालव."

"अगं आत्या, मुका समजेल तो मला."

"समजू दे."

मी जालन्याच्या स्टेशनवर एका खलाशाला आणायला निघालो होतो. आत्याचा एकुलता एक मुलगा ज्या मालवाहू जहाजावर कामाला होता, त्याच जहाजावर हा माणूस होता. जहाज बुडालं, हा वाचला, आणि मुलाचं काय झालं ते कुणी धड सांगत नव्हतं. असा माणूस दहा-अकरा महिन्यांनी आपणहून फोन करून भेटायला येतो, आणि आपण त्याला एकही प्रश्न विचारायचा नाही! माझा तर स्वभावच असा की गाडीत बसलेल्या अनोळखी माणसाची पिशवी जरा जास्त फुगलेली दिसली तरी माझं रस्त्यावर लक्ष राहत नाही.

पण आत्याचा शब्द मी मोडत नाही. का मोडत नाही ते आधी सांगतो.

मी इकडचा नाही. माझं गाव रायगड जिल्ह्यात, समुद्राला लागून. आम्ही जातीचे कोळी, आणि मला होडी लागते. होडी खाडीबाहेर पडली की पोटातलं सगळं बाहेर. बापाने बरेच दिवस वाट पाहिली, मग नाद सोडला. शाळेतही माझं काही खरं नव्हतं, ती आठवीत सुटली. गावातली पोरं मला बघितलं की ओकल्याचा आवाज काढायची. आत्या आमच्या शेजारच्या घरातली. सख्खी आत्या नव्हे. ती यहुदी, आमच्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणतात त्यांच्यातली. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बैल जुंपत नसत, म्हणून ते नाव पडलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, बदल्या होत होत भोकरदनला आली होती. नवरा लवकर गेला होता. एका सुट्टीत गावी आली, मला ओट्यावर नुसता बसलेला बघितलं आणि माझ्या आईला म्हणाली, "ह्याला मी घेऊन जाते. आमच्या तिकडे औषधालाही समुद्र नाही."

तिने दवाखान्याच्या ड्रायव्हरकडे मला गाडी शिकायला लावलं. माझं लग्न तिने जमवलं. माझ्या दोन्ही पोरांना पहिली अंघोळ तिच्या हातची. आज भोकरदन-जाफराबाद रस्त्यावर माझी काळी-पिवळी जीप धावते ती तिच्या जिवावर. इतकी वर्षं झाली तरी मला मनातून धास्ती असते, की एक दिवस कुणीतरी येईल आणि म्हणेल, तू इथला नव्हेस, उठ. आत्या आहे तोवर असं कुणी म्हणणार नाही, एवढंच मला ठाऊक.

मी आलो तेव्हा तिचा मुलगा पहिलीत होता. मी त्याला सायकलवर बसवून शाळेत सोडायचो. अख्ख्या शाळेत, अख्ख्या गावात तो एकटाच यहुदी. पोरं विचारायची, "तुमचा देव कसा दिसतो रे?"

"दिसत न्हाई."

"मंग हात कुणाला जोडता?"

"हात पण जोडत न्हाई."

पोरांना त्याची दया यायची. घराच्या चौकटीला एक लांबट डबी ठोकलेली होती, तिच्यात त्यांच्या प्रार्थनेची गुंडाळी. येताजाता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची, ही त्यांची रीत. परीक्षा आली की गल्लीतली सगळी पोरं त्या डबीला बोटं लावून जायची. शेजारच्या अप्पांचा मुलगा तर दोन्ही हात लावायचा, तरी गणितात नापास व्हायचा.

पोहायला तो अप्पांच्याच विहिरीत शिकला. डोकं मात्र इंजिनात. जालन्याला आयटीआय केलं, तिथल्याच एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीजवळ काही दिवस काम केलं, आणि मग एकदम म्हणाला, इस्राएलला जातो. त्यांच्या लोकांना तिकडे कायमचं राहायला जाता येतं. मी म्हटलं, इथं काय कमी आहे?

"दादा, आमची प्रार्थना दहा माणसं असल्याशिवाय पुरी होत न्हाई. भोकरदनमधी आम्ही दोघं. त्यात आईला मोजत न्हाईत."

तिकडे गेल्यावर आधी बंदरात लागला, मग जहाजाच्या इंजिनखोलीत. मला ते ऐकूनच मळमळलं. फोनवर विचारलं, "तुला लागत नाही?"

"बिलकुल न्हाई. तुमच्या वाटणीची ताकद पण मलाच मिळाली."

तीन वर्षांनी येऊन त्याने ठाण्याच्या, त्यांच्यातल्याच एका मुलीशी लग्न केलं. ती वहिनी. तिला तिकडे न्यायचे कागद व्हायला वेळ होता, म्हणून ती आत्याजवळ भोकरदनला राहिली आणि तो जहाजावर परत गेला. त्याच हिवाळ्यात वादळात जहाज बुडालं. त्याला जहाजावर लावून देणाऱ्या एजंटचा फोन आला की काही माणसं वाचली, काही बेपत्ता आहेत. पुन्हा एकदा फोन आला, तेव्हाही तेच. नंतर तो नंबर लागेना. वाचले कोण, ते कुठे आहेत, कुणी काही बघितलं का, कशाचाच पत्ता नाही. मला तेव्हाच वास आला होता की कुणीतरी काहीतरी दाबतंय. काय दाबतंय, ते अजूनही मला कळलेलं नाही.

आणि मग गल्लीला वास यायला लागला.

आत्या रडली नाही. निदान लोकांसमोर नाही. घरात कुणी जमलं नाही, कुणी खाली बसलं नाही. दहावा नाही, तेरावा नाही. वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच, हातात हिरव्या बांगड्या तशाच. आमच्या गल्लीत माणूस गेल्यावर काय करायचं ते सगळ्यांना पाठ असतं. अमुक दिवशी अमुक झालं नाही की लोक बोटं मोडायला लागतात.

अप्पा, म्हणजे आमच्या शेजारचे, तलाठी म्हणून रिटायर झालेले, पंधरा एकर कोरडवाहू बाळगून असलेले. त्यांनी मला पानटपरीवर गाठलं. "खरं सांग, पोरगं जितं हाय ना?"

"अप्पा, मला काय माहीत?"

"तू त्या घरात जेवतो, तुला माहीत न्हाई तर कोणाला? आरं, पोटचं लेकरू गेल्यावर माय अशी भाजी निवडत बसती का? म्या रोज बघून राह्यलो. काहीतरी भानगड करून लपलंय पोरगं. बायकोला टाकून तिकडं दुसरी केली असंल."

मी भांडलो नाही. भांडायला मी इथला असायला पाहिजे. आणि खरं सांगायचं तर तोच विचार रात्री अंथरुणावर माझ्याही डोक्यात येऊन बसायचा. फोन लागत नाही म्हणजे काय? आत्या रडत नाही म्हणजे काय? आत्याला काही कळलंय आणि ती सांगत नाही? सून माहेरी गेली तर ती एकटी पडेल, म्हणून तर नाही? वहिनी मागच्या दारात उभी राहून हळू आवाजात कुणाशी तरी फोनवर बोलायची. मी पाण्याच्या टाकीपाशी गेलो की बोलणं थांबायचं. मी त्या दोघींच्या मिठावर जगणारा माणूस, आणि दोघींवरही नजर ठेवून होतो.

खलाशाचा फोन आला त्या दिवशी आत्याने मला पहिल्यांदा सगळं समजावून सांगितलं. मुंबईला त्यांच्या प्रार्थनालयात एक वयस्क हझान आहेत, म्हणजे प्रार्थना चालवणारे. त्यांना तिने सुरुवातीलाच विचारलं होतं. त्यांच्या धर्मात असं आहे की ज्या पाण्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, त्या पाण्यात बुडालेला माणूस मेला असं धरता येत नाही. कुठल्यातरी काठाला लागला असेल, कुणीतरी उचलला असेल. प्रेत दिसलं पाहिजे, नाहीतर त्याला मेलेला बघणारा साक्षीदार पाहिजे. तोवर बायको बांधलेली. तिला दुसरं लग्न करता येत नाही, आज नाही, म्हातारी झाली तरी नाही. कंपनीने उद्या "मृत समजण्यात यावा" असं पत्र दिलं तरी त्याला तिथे किंमत नाही.

"मग हा खलाशी साक्ष देईल की," मी म्हटलं.

"त्यातच तर मेख आहे. तो आमच्यातला नाही. दुसऱ्या धर्माच्या माणसाचं सांगणं चालतं, पण त्याने आपणहून सांगितलं तर. सहज, बोलता बोलता. आपण विचारलं की संपलं. विचारलं की माणूस समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो, दया येऊन बोलतो, नाहीतर काही मिळेल म्हणून बोलतो. न विचारता बोलला तर त्यात त्याचा काही हेतू नाही, म्हणून खोटं नाही."

हा कायदा मला फार पटला. माझ्यासारख्याच कुणीतरी संशयी माणसाने तो केला असणार.

आतल्या खोलीत वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. वय पंचविशीच्या आतलं. नवऱ्याबरोबर दीड महिना राहिली होती. खलाशी बोलला नाही, किंवा आपल्यापैकी कुणी मध्येच काही विचारून बसलं, तर ही पोरगी जन्मभर सवाशीणही नाही आणि विधवाही नाही. तेवढं मला बराबर समजलं.

स्टेशनवर मी त्याला लांबूनच ओळखलं. चहावाल्याशी बोलत होता. रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्याच वयाचा, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. "जरा कडक कर रे, पाणी नको घालूस," असं म्हणाला, आणि तो कोकणातला हेल ऐकून मला माझं गाव आठवलं. इकडे कुणी असं बोलत नाही. पण लगेच मनात आलं, हेल काय, कुणीही शिकेल. आजकाल फोनवरून लोकांचं काय काय लुबाडतात. हा खरंच त्या जहाजावर होता कशावरून?

विचारायची सोय नव्हती. मी त्याची बॅग उचलली, जीपमध्ये टाकली आणि गाडी काढली. राजूर येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "भाऊ, इकडची माणसं बोलत नाहीत काय?"

"बोलतात."

"मग माझ्यावर राग आहे?"

मी जोरजोरात मान हलवली. त्यानंतर तो खिडकीकडे सरकून बसला आणि बॅग मांडीवर घेतली. आता तोच माझ्यावर संशय घेत होता, आणि मला त्यात काही चूक दिसेना.

घरी आत्याने त्याला हातपाय धुवायला पाणी दिलं, बस म्हणाली, चहा दिला. तीसुद्धा गप्प. त्याने कप खाली ठेवला, घसा साफ केला. "आई," तो म्हणाला, "मी आलो ते एवढ्यासाठी, की तुमचा मुलगा..."

आणि दारातून अप्पा आत आले. मागे त्यांच्या मंडळी, मागे गल्लीतल्या आणखी दोघी. पाहुणा आला की बघायला येणं ही इथली माया आहे, ती मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी मला अप्पांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

"हेच का ते जहाजावरचे पाव्हणे?" अप्पा खाटेवर बसत म्हणाले. "मंग आता सांगूनच टाका राव. पोरगं मेलं का जितं हाय?"

मी म्हटलं, "अप्पा, पाहुणे थकलेत, नंतर..."

"तू गप. आरं, एका शब्दाचं काम हाय. हां, बोला."

खलाशाने वर बघितलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. त्याची नजर तिच्या हिरव्या बांगड्यांवर गेली, मंगळसूत्रावर गेली, मग आत्यावर. मला त्याचा चेहरा बदलताना दिसला. तो असं धरून आला असणार की या घराला सगळं ठाऊक आहे, आपण फक्त सांत्वनाला जातोय. आता त्याला कळलं की इथे कुणाला काहीच ठाऊक नाही.

"मला... मला काय माहीत नाही," तो म्हणाला. "अंधार होता. पाणी होतं."

"बघा!" अप्पा आपल्या मंडळींकडे वळले. "म्या काय म्हणत व्हतो?"

जेवताना तो भाकरीकडे बघूनच जेवला. आत्याने एकदाही विचारलं नाही. तिने आयुष्यभर दवाखान्यात लोकांना "कुठं दुखतं?" विचारलं होतं, आणि आज ती त्याला भाजी वाढत होती आणि ओठ मिटून होती.

सकाळी त्याची गाडी होती. मी जीप घेऊन आलो तेव्हा वहिनी टाकीपाशी उभी होती आणि तो तिच्यासमोर. ती खाली बघून काहीतरी बोलत होती. त्याने मान डोलावली. मला बघताच ती घागर उचलून आत गेली.

हिने त्याला पढवलं. असं सांगा, तसं सांगा, मी सुटते. आणि ते बघणारा मी एकटा.

आत्या आणि वहिनी दोघीही त्याला सोडायला निघाल्या. त्या मागच्या सीटवर बसल्या, तो माझ्याजवळ पुढे. जानेवारीतली थंडी, जीपच्या बाजूला नुसता कापडी पडदा. हरभऱ्यावर धुकं साचलं होतं. वारा आत घुसत होता. मी सीटखालची घोंगडी काढून त्याच्याकडे सरकवली. त्याने ती घेतली, उलगडली, आणि अर्धी माझ्या मांडीवर टाकली.

"एकट्याने नाही घ्यायची," तो म्हणाला. मग समोरच्या धुक्याकडे बघतच बोलायला लागला.

"तो पण थंडीने गेला, भाऊ. बुडला नाही तो. बुडायचा होता काय, पोहायचा केवढा. रबराचा तराफा होता, त्यात आम्ही दोघंच. तो इंजिनखोलीतून तसाच धावत आलेला, अंगात बनियान आणि वर ते फुगवायचं जॅकेट. भिजलेला. मी त्याला धरून बसलो. सारखा तुमच्या गावाचं सांगत होता. म्हणाला, आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्यावर मिरच्या वाळत घालतात, पाय ठेवता येत नाही. म्हणाला, तेवढा एक पत्रा आणून द्या मला. आम्ही दोघं हसलो. हसलो, खरं सांगतो. थरथरत होता नुसता. मग थरथरायचा थांबला. मी म्हटलं, चला, ऊब आली याला. झोपला, असं वाटलं मला."

माझ्या पायाखाली ॲक्सिलेटर होता आणि मला तो जाणवत नव्हता. आरशात मी बघितलं नाही.

"उजाडल्यावर बघतो तर डोळे उघडे. ओठ निळे. मी हाका मारल्या, गालावर मारलं. या हाताने डोळे मिटले त्याचे. दिवसभर मांडीवर घेऊन होतो. कोण येईल वाटलं, कोण आलं नाही. दुसऱ्या दिवशी..." तो थांबला. घोंगडीचा काठ मुठीत धरला. "माझं जॅकेट फाटलेलं. मी त्याचं काढलं. काढलं आणि घातलं. आणि त्याला पाण्यात सोडलं. जॅकेट असतं ना, तर तो तरंगला असता. कुणाच्या तरी हाती लागला असता, कुणीतरी पुरला असता. ते सांगायला आलो होतो मी. काल त्या माणसाने विचारलं आणि वहिनीच्या बांगड्या बघितल्या, आणि माझी जीभच वळली नाही."

कुणी काही विचारलं नाही. किती वाजले होते, कुठल्या समुद्रात, त्याचे शेवटचे शब्द काय, हे सगळं माझ्या दातांपर्यंत आलं होतं. मी दात दाबून धरले.

स्टेशनवर आत्याने त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. त्याच्या तोंडाकडे बघून ती पहिल्यांदा बोलली. "जॅकेट घातलंस ते बरं केलंस. तू आलास म्हणून मला कळलं." तो पोरासारखा रडला. गाडी हलली तेव्हाही दारात उभा राहून डोळे पुसत होता.

परत येताना राजूरच्या अलीकडे आत्या म्हणाली, "इथं थांबव."

रस्त्याकडेला हरभऱ्याचं शेत होतं. ती उतरली, चपला काढल्या आणि बांधाला मातीत बसली. वहिनीही अनवाणी तिच्याजवळ बसली. आत्या मला म्हणाली, "मृत्यूची बातमी महिना उलटल्यावर कळली तर आमच्यात सात दिवस बसत नाहीत. फक्त तासभर."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. मी त्याला सायकलवर शाळेत सोडलं होतं. अकरा महिने वाट बघायची आणि तासभर?

मोटारसायकलवरून एक शेतकरी चालला होता, तो थांबला. "गाडी बंद पडली का?"

"न्हाई."

"मंग बाया कामून खाली बसल्या?" त्याने माझ्याकडे, जीपच्या नंबराकडे, पुन्हा बायकांकडे बघितलं. "पळवून-बिळवून तर न्हाई चालला?"

"घरात दुःख झालंय. मुलगा गेला," मी म्हणालो. मी ते पहिल्यांदा तोंडाने म्हणालो, आणि मग मीही खाली बसलो. शेतकरी काही न बोलता बांध ओलांडून गेला, शेतातून हरभऱ्याचे चार टहाळे उपटून आणले, जीपच्या बॉनेटवर ठेवले आणि निघून गेला. आत्या रडत होती. वहिनीने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं होतं. तास संपला हे तिला आम्ही सांगितलं नाही. तिची ती उठली आणि चपला घातल्या.

आत्याने हझानांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, तिघांनी आपल्याला फोनवर वेगवेगळं सांगायचं. माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती. त्याआधी मी वहिनीला टाकीपाशी गाठलं आणि सरळच म्हटलं, "काल सकाळी तुम्ही त्याला काय सांगितलं? मी बघितलंय. मला फोनवर विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही."

तिने घागर खाली ठेवली. "तुम्ही किती दिवस बघताय, दादा?"

"बरेच."

"मग हेही सांगा त्यांना. मी त्याला म्हटलं, आईंना काही सांगू नका."

"सांगू नका?"

"मला सुटायचंय. खोटं कशाला बोलू, माहेरी रोज फोनवर तेच रडते. पण त्या रोज संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसतात. त्यांची आशा मोडून मला सुटायचं नव्हतं. तो बरं म्हणाला. आणि मग जीपमध्ये त्याच्याने राहवलं नाही."

खोटं बोलणारं माणूस मला गाडीत चढतानाच ओळखू येतं, असा माझा समज होता. त्या दिवशी मला काहीच ओळखू येईना. मग मी ठरवलं की ठेवायचा विश्वास. ठरवूनच ठेवावा लागला, आपोआप आला नाही.

हझानांना मी सगळं सांगितलं. अप्पांचा प्रश्न, टाकीपाशी बघितलेलं, तिने मला सांगितलेलं, घोंगडी, जॅकेट. सांगताना वाटत होतं माझ्या एका वाक्याने पोरीचा जन्म बांधला जाईल.

"विचारलं तेव्हा बोलला नाही," ते म्हणाले. "बोलू नको म्हटल्यावर बोलला. आणि बोलला ते स्वतःच्याच अंगावर घेऊन. बघू. निकाल तिकडचे, इस्राएलचे धर्मन्यायाधीश देतील."

निकाल यायला उन्हाळा उजाडला. वहिनी मोकळी झाली.

त्या दिवशी आत्या स्वतः अप्पांच्या घरी गेली. मी मागे होतो. ओसरीत उभी राहून म्हणाली, "अप्पा, माझा मुलगा गेला. आता मला तसं म्हणायची मुभा आहे, म्हणून सांगायला आले."

अप्पा उठून उभे राहिले. त्यांना बसा म्हणायचंही सुचेना. "सिस्टर, म्या लई वंगाळ बोललो."

"बोललात. आता एक काम करा. तिचा बाप तिला न्यायला येणार आहे. त्याला जेवण तुमच्या घरी द्या. गल्लीने बघू दे. सासूनं हाकलली असं कुणी म्हणायला नको."

अप्पांच्या मंडळींनी पुरणाचं केलं. अप्पा स्वतः वाढायला होते, आणि तिच्या बापाला ऐकू जाईल अशा आवाजात तिसऱ्यांदा म्हणाले, "अशी सून आमच्या गल्लीत दुसरी न्हाई." दोन-तीन बायका तरी एकमेकींच्या कानाला लागल्याच. लागणारच. मीही अजून कधी कधी विचार करतो, त्या एजंटने फोन का बंद केला.

यंदा दिवाळीनंतर ठाण्याहून वहिनीचा फोन आला. लग्न ठरलं होतं. आत्याने बोलून फोन ठेवला आणि बराच वेळ ट्रंक उघडून बसली. शेवटी एक मोरपिशी साडी मांडीवर पसरून मला म्हणाली, "मुलीकडची म्हणून जायचंय मला. ही बरी दिसेल का रे? आणि तुझी गाडी ठाण्यापर्यंत जाईल ना?"

"जाईल की," मी म्हटलं आणि टायर बघायला बाहेर आलो.